कृष्णवेणी आजींचा धागा

१

रविवारी दुपारी दीड वाजता कीर्तनाचा इंग्रजीत मेसेज आला. तिच्या आजीचा धागा सापडत नव्हता. 'सहाशे अकरा नोंदी होत्या, आता तिथे काहीच नाही. आजी सारखी विचारतेय.'

आमचं 'दक्षिणवाट' नव्या सर्व्हरवर सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड तास झाला होता. चेन्नईतल्या मराठी माणसांचा हा ऑनलाइन फोरम मानाजीरावांनी एकवीस वर्षांपूर्वी काढला. ते तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, आता चौऱ्याहत्तरीत. फोरमवर दोन तऱ्हेचे लोक लिहीत. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले तंजावरी मराठी, आणि माझ्यासारखे नोकरीसाठी आलेले. मी शार्दूल, मूळचा मिरजेचा, सिरुसेरीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जुनी होस्टिंग कंपनी आपली जुनी मशीनं मंगळवारी संध्याकाळी सहाला कायमची बंद करणार होती. नऊ लाख नोंदी उचलून नव्या जागी न्यायच्या आणि त्यासोबत सॉफ्टवेअरही नव्या आवृत्तीवर चढवायचं, हे काम मी अंगावर घेतलं होतं. हौसेनं, आणि थोडं मिरवतच.

कृष्णवेणी आजींचा 'आमच्या घरची बोली' हा धागा म्हणजे फोरमचा अभिमान होता. ब्याऐंशी वर्षांच्या आजींनी एका बोटानं टाइप करत चौदा वर्षं तो लिहिला होता. दुखण्यांची नावं, पंगतीत वाढायची रीत, लेकरांवर रागावायचे शब्द, सगळं त्यांच्या तंजावरी मराठीत. आता काचबिंदूनं त्यांची नजर गेल्यात जमा होती. दर रविवारी कीर्तना तो धागा फोनवर लावून द्यायची, फोन वाचायचा आणि आजी ऐकायच्या. दुसरीकडे कुठेही त्याची प्रत नव्हती.

पाच मिनिटांत मानाजीरावांचा फोन आला. "शार्दूल, मागच्या रविवारी तू सगळ्याचा बॅकअप घेतलास ना?"

"हो," मी म्हणालो.

मी घेतला नव्हता. त्या रविवारी मी मित्रांबरोबर चेन्नईजवळच्या कोवलमला गेलो होतो, किनाऱ्यावर तळलेले मासे खात बसलो होतो, आणि संध्याकाळी ग्रुपवर लिहून टाकलं होतं, 'बॅकअप झाला.'

तासाभरानं मी त्यांना उलट फोन करून सांगितलं की बॅकअपची फाइल खराब निघाली, उघडत नाही.

एक वाट अजून होती. होस्टिंग कंपनीनं शनिवारी मला कळवलं होतं की मागच्या सात दिवसांच्या प्रती त्यांच्याकडे मंगळवारी सहापर्यंत असतील, खातेदारानं लिहून मागितल्या तर मिळतील. खातेदार मानाजीराव. त्यांना हे सांगायचं, तर ते आधी खराब फाइल बघायला मागणार. मी ते पत्र कुणालाही दाखवलं नाही.

२

सोमवारी मी रजा टाकली आणि मानाजीरावांच्या मांबलमच्या घरी गेलो. तिथे एक बाई कॉफी पीत बसल्या होत्या. पांढरा अंबाडा, मांडीवर रिकामी पिशवी.

"या शशिकला," मानाजीराव म्हणाले. "न्यायालयाच्या रेकॉर्ड खोलीत एकतीस वर्षं होत्या. हरवलेल्या फायली शोधायच्या."

शशिकलाक्कांना कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. "फायलीला वाळवी लागली की पानं सलग जातात," त्या म्हणाल्या. "पाणी शिरलं तरी सलगच जातात. तुझ्या यंत्रातून नेताना काही सांडलं तर कसं सांडेल?"

"सलगच," मी म्हणालो. फोरमवर कुणीही कुठेही लिहिलं तरी त्या नोंदीला पुढचा क्रमांक मिळतो. नेताना चूक झाली असती तर क्रमांकांचा एक अख्खा तुकडा गळाला असता.

"मग बघ बरं."

मी बघितलं. आजींच्या एकेका नोंदीच्या अलीकडची, पलीकडची, इतरांनी त्याच दिवशी लिहिलेली नोंद जागेवर होती. तेवढा धागाच गेला होता.

"म्हणजे कुणीतरी वेचून काढलाय," शशिकलाक्का म्हणाल्या. "फोटो होते ना त्यात?"

आजींच्या आईच्या वहीच्या पानांचे फोटो नव्या सर्व्हरवर जसेच्या तसे होते, पण आता कुठल्याच धाग्याला लागलेले नव्हते. ते बघताना माझ्या लक्षात आलं. फोटोंची फोल्डरं मी गुरुवारी रात्री उचलली होती. लिखाण शुक्रवारी संध्याकाळी सहाला, फोरमला कुलूप लावून. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये धागा नष्ट केला की त्याचे फोटोही जायचे. म्हणजे गुरुवारी रात्री धागा जागेवर होता आणि शुक्रवारी सहाला नव्हता.

"कोण नष्ट करू शकतं?"

"आम्ही चौघं अ‍ॅडमिन. मानाजीराव, चारुलताताई, दिनकरदादा आणि मी. कुणी काय काढलं याची नोंद जुनं सॉफ्टवेअर ठेवत नसे."

"त्या आठवड्यात चौघांना ठाऊक झालेली एखादी नवी गोष्ट?"

मी बुधवारी पाठवलेली सूचना दाखवली. नव्या आवृत्तीत दोन बदल होणार होते. वर्षानुवर्षं लपवून ठेवलेल्या आक्षेपार्ह नोंदी सुरुवातीला पुन्हा दिसू लागतील, मग एकेक करून परत लपवाव्या लागतील. आणि एकाच ईमेलवर दोन आयडी असतील तर ते जोडले जाऊन सगळं लिखाण माणसाच्या आजच्या नावावर दिसेल.

शशिकलाक्कांनी ती सूचना दोनदा वाचली. "या लपवलेल्या नोंदी एकट्या काढता येत नव्हत्या?"

"फक्त मला येत होत्या," मानाजीराव म्हणाले. "भांडणं नकोत म्हणून तो अधिकार मी कुणाला दिला नव्हता."

माझ्यावरचा आळ निम्मा उतरला होता. मला बरं वाटायला हवं होतं. तेवढ्यात शशिकलाक्का माझ्याकडे वळल्या. "तुझी ती फाइल धड असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं, नाही?"

"हो," मी म्हणालो, आणि कपातल्या कॉफीकडे बघत राहिलो.

३

तिथून मी आणि शशिकलाक्का चारुलताताईंकडे गेलो. त्या अण्णानगरात राहतात. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. जुने धागे मागेच सोडून द्या, असं बैठकीत त्यांनी दोनदा सुचवलं होतं. माझा संशय त्यांच्यावरच होता, आणि खरं सांगायचं तर तो त्यांच्यावरच निघावा अशी माझी इच्छा होती.

"माझं मत मी लपवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सहाशे अकरा नोंदी, आणि अर्ध्याअधिक व्याकरणाला धरून नाहीत. मुलांनी ते वाचून तसंच लिहिलं तर? पण मला तो धागा काढायचा असता तर मी तशी जाहीर सूचना मांडली असती, आणि मतदानात हरले असते." मग म्हणाल्या, "कृष्णवेणीबाई कशा आहेत? त्यांना सांगितलंत का?"

"कळलंय त्यांना."

"त्यांचा फोन नंबर द्या मला."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "नाटक असू शकतं."

"असू शकतं," शशिकलाक्का म्हणाल्या. "आणि हे दिनकर कुठे भेटतील?"

४

दिनकरदादा भेटले ते डोळ्यांच्या दवाखान्यात. ते इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत, वय पन्नास. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अर्धी रजा टाकून ते कृष्णवेणी आजींना तपासणीला आणतात. सहा वर्षांत त्यांनी एकही सोमवार चुकवलेला नाही. आजींच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते. दिनकरदादांचा रुमाल त्यांच्या हातात होता.

"कोण, शार्दूल कां?" माझा आवाज ऐकून आजी म्हणाल्या. "धागा सांपडला कां?"

"शोधतोय, आजी."

"सरि, सरि, बरें. नाहीं सांपडला तर मी परत सांगेन. पण अत्तां सगळें आठवत नाहीं रे."

दिनकरदादांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. शशिकलाक्का आजींशेजारच्या खुर्चीवर बसल्या, पण आमच्यात तीन-चार हातांचंच अंतर होतं.

"सहाशे चौदा नोंदी, शार्दूल," ते दबलेल्या आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "सहाशे चौदा. या बाईनं एका बोटानं लिहिलेल्या. तुला कळतंय का काय घालवलंयस तू? येत नव्हतं तर हात कशाला घातलास?"

त्यांचा राग मला अगदी योग्य वाटत होता.

"गुरुवारी, शुक्रवारी तुम्ही फोरमवर आला होतात का?" शशिकलाक्कांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"कारखान्यात बाहेरून तपासणी होती. लॉगिनसुद्धा केलं नाही."

आजींचं नाव पुकारलं गेलं. दिनकरदादांनी त्यांना हात दिला आणि पायरी आली की सांगत सांगत आत नेलं. शशिकलाक्का त्या दोघांकडे बघत राहिल्या, दार बंद झालं तरी.

५

मंगळवारी दुपारी दोन वाजता त्या माझ्या नावलूरच्या खोलीवर आल्या. बसल्याही नाहीत.

"ती खराब फाइल दाखव."

"उघडत नाही ती, अक्का."

"न उघडणारी फाइल दाखव. आमच्याकडे कारकून म्हणायचे, फाइल वाळवीनं खाल्ली. मी म्हणायची, उरलेला भुगा आण. फाइल खाल्ली गेली की भुगा राहतो."

मी लॅपटॉप उघडला. उगाच दोन-चार फोल्डरं उघडली, बंद केली. शेवटी मी हात काढून घेतला.

"फाइल नाही. बॅकअप घेतलाच नव्हता."

सांगताना मला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मी कोवलमचं सांगितलं, दोनदा खोटं बोललो ते सांगितलं, आणि मग होस्टिंग कंपनीचं पत्र काढून दाखवलं. त्यांनी ते वाचलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"म्हणजे रविवारी दुपारी तू खरं बोलला असतास तर संध्याकाळी आजीला धागा ऐकायला मिळाला असता."

"हो."

"आज सहाला ते सगळं जाणार?"

"हो."

"मग चपला घाल."

रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "जुना सर्व्हर अजून चालू आहे ना? ज्यात लपवलेल्या नोंदी आहेत असा दुसरा कुठलाही धागा काढ. नष्ट करायचं बटण दाब, पण शेवटचं 'हो' दाबू नकोस. काय दिसतं ते सांग."

मी रिक्षातच लॅपटॉप मांडीवर घेतला. नव्या सर्व्हरवर लपवलेल्या नोंदी उघड्या पडलेला एक धागा निवडला आणि तोच जुन्या सर्व्हरवर काढला. पानावर अडतीस नोंदी दिसत होत्या. अ‍ॅडमिनलाही अडतीसच. बटण दाबल्यावर चौकट उघडली. 'या धाग्यातल्या ४० नोंदी कायमच्या नष्ट होतील. खात्री आहे?'

दोन लपवलेल्या होत्या. त्या फक्त या चौकटीत मोजल्या जात होत्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. "आणि आजींच्या धाग्यावर सगळ्यांना सहाशे अकराच दिसायच्या."

"दिनकरना फोन कर," शशिकलाक्का म्हणाल्या. "मानाजीरावांकडे या म्हणावं."

६

मानाजीरावांना मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि मी सांगेन तसं कंपनीला पत्र लिहिलं. मग खालमानेनं म्हणाले, "मी सगळ्यांना सांगत होतो की पोरगं भरवशाचं आहे." तेव्हा पावणेचार झाले होते.

साडेचारला दिनकरदादा आले. कारखान्याचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. शशिकलाक्कांनी त्यांना समोर बसवलं.

"शार्दूलनं धागा घालवायचा ठरवला असता तर त्यानं नेलेल्या प्रतीतून गुपचूप काढला असता, फोटोंसकट," त्या म्हणाल्या. "त्यासाठी त्याला शुक्रवारच्या आधी जुन्या जागी जायची गरज नव्हती. मानाजीरावांना त्यातलं काही खुपत असतं तर ते तेवढंच काढू शकत होते, तो अधिकार एकट्या त्यांनाच होता. चारुलताबाई सहाशे अकरा म्हणाल्या. कीर्तनाही सहाशे अकरा म्हणाली. पानावर तेवढंच दिसायचं. तुम्ही सहाशे चौदा म्हणालात, दोनदा. तो आकडा एकाच ठिकाणी दिसतो, दिनकर. कुठे ते तुम्हांला ठाऊक आहे."

दिनकरदादांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"त्या धाग्यात तीन नोंदी लपवलेल्या होत्या," शशिकलाक्का पुढे म्हणाल्या. "बुधवारच्या सूचनेप्रमाणे त्या उघड्या पडणार होत्या, लिहिणाऱ्याच्या खऱ्या नावानं. घाबरेल तो ज्याचे एका ईमेलवर दोन आयडी आहेत. शार्दूल, जोडलेल्या नावांची यादी असेल ना?"

यादी होती. ती बघायचं मला तोवर सुचलंच नव्हतं. त्रेचाळीस नावांत एक ओळ होती, 'शुद्धमती'. पुढे बाण, आणि बाणापुढे 'दिनकर'.

"नको वाचू," दिनकरदादा म्हणाले. मग स्वतःच बोलायला लागले. "दोन हजार नऊ साल. नवीन आलो होतो. तमिळ येत नव्हतं, कारखान्यात पोरं माझ्या तमिळला हसायची. रात्री खोलीवर येऊन हा फोरम उघडायचो. तिथे या बाईचं मराठी दिसलं, आणि मला... मला कुणावर तरी हसायचं होतं. तीन नोंदी लिहिल्या. मानाजीरावांनी लपवल्या. मग मी विसरलो. नंतर आजींशी ओळख झाली, घरचं माणूस झालो. आजही त्यांना ठाऊक नाही."

"मला सांगायचं," मानाजीराव म्हणाले. "मी तीनही काढल्या असत्या."

"तुम्हांला सांगायचं म्हणजे सांगावंच लागलं असतं ना." ते कोरडं हसले. "शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत केलं. चौकट आली. सहाशे चौदा नोंदी कायमच्या नष्ट होतील. मी तो आकडा वाचला, शशिकलाबाई. चुकून नाही झालं. वाचला आणि हो दाबलं. वाटलं, शार्दूलकडे बॅकअप आहे, त्या तीन सोडून परत लावता येईल. नाहीतर तो नेताना हरवला म्हणतील."

"आणि काल त्यालाच झापलंत."

बॅकअप आहे यावर त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि तो शब्द माझा होता.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी कंपनीचं उत्तर आलं. बुधवारची प्रत मिळाली होती.

७

सातच्या सुमारास धागा नव्या सर्व्हरवर उभा राहिला. सहाशे चौदा नोंदी, आणि त्यांतल्या तीन दिनकरदादांच्या नावावर. एका टिचकीत मी त्या पुन्हा लपवू शकत होतो. दिनकरदादा म्हणाले, "आधी मी आजींकडे जातो. मीच वाचून दाखवतो. त्यांना दिसत नाही, म्हणून मी सुटलो, असं नको."

आजींचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. दार कीर्तनानं उघडलं. ती नुकतीच कामावरून आली होती. धागा मिळाला हे ऐकून आजींनी दोन्ही हात जोडले, आणि नेमकं त्याच क्षणी मला त्यांच्यासमोर उभं राहणं अशक्य वाटलं. तरी मी माझं सांगितलं. बॅकअप, कोवलम, दोन दिवस दडवलेलं पत्र. त्या ऐकत होत्या. "पर्वायिल्ला," त्या एवढंच म्हणाल्या. मला त्या 'असू दे'चं ओझंच झालं.

मग दिनकरदादा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि फोनवरून वाचायला लागले.

"'आजी सांगिटली' म्हणे. आजीला काय सांगितलं, कोणी सांगितलं?" त्यांनी बोटानं पान सरकवलं. "दुसरी. ही मराठी नव्हे, मराठीची थट्टा आहे. तिसरी. बाई, आधी शाळेत जा, मग लिहा." त्यांनी फोन उपडा ठेवला. "शुद्धमती मीच होतो, आजी. आणि धागा मीच काढला. हे उघड होऊ नये म्हणून."

आजींचा चेहरा दिनकरदादांकडे नव्हता, थोडा बाजूला, खिडकीकडे होता.

"वय किती तुज, तेव्हां?" त्यांनी विचारलं.

"चौतीस."

"मज सहासष्ट." त्या पुढे म्हणाल्या. "हे तीन मज तोंडपाठ आहेत. लपवायच्या आधीं मी वाचली होती. कीर्तना तेव्हां सहा वर्षांची. तिला मी मराठींतच गोष्टी सांगत होती. हें वाचली, आणि मज वाटलें, चूक भाषा पोरीला कशाला द्यायची. दुसऱ्या दिवसापासून तमिळ."

"पण धागा तर तुम्ही लिहीत राहिलात," शशिकलाक्का म्हणाल्या.

"तिथें हट्टानें लिहिली. घरांत लाजली."

दिनकरदादांनी कपाळ गुडघ्यांवर टेकलं. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, आणि काहीतरी करायचं म्हणून मी विचारलं, "आजी, त्या तीन नोंदी काढून टाकू?"

"मी लिहिली नाहीं त्या. मज कां विचारतोस?"

मी दिनकरदादांकडे बघितलं. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "राहू देत. नावासकट."

कीर्तना इतका वेळ दाराशी उभी होती. आजीचा चेहरा, जमिनीवर बसलेला दिनकर अंकल, आम्ही सगळे, असं ती आळीपाळीनं बघत होती. तिला एक अक्षर समजलं नव्हतं. तिनं तमिळमध्ये विचारलं की ते काय वाचत होते, आजी का रडतेय.

शशिकलाक्का बोलायला गेल्या आणि थांबल्या. मानाजीराव चष्मा पुसत राहिले.

दिनकरदादा उठून तिच्यासमोर उभे राहिले. सोळा वर्षं या शहरात काढून, कारखान्यात आणि बाजारात चालून जाईल एवढंच तमिळ त्यांना येत होतं. त्या तमिळमध्ये, शब्द शोधत, मध्येच अडत, त्यांनी पहिल्या नोंदीपासून तिला सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्यात त्यांचं क्रियापद चुकलं. कुणीही ते दुरुस्त केलं नाही.